आईला एवढंच विचार

दादा, तुला आणि वहिनीला नमस्कार.

मी बरी आहे, जेवणाची आबाळ नाही. पण आई गेलेल्या बाबांशी बोलते म्हणून तू डॉक्टरांची वेळ घेतलीस, हे वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही.

माझ्या अभ्यासासाठी मी इथल्या मनोरुग्णालयात जाते. तिथल्या एक आजी वारलेल्या नवऱ्याशी बोलतात. त्यांच्या समाजात याला आजार मानत नाहीत. मी विचारलं, "भीती वाटते का?"

"जिवंतपणी नाही घाबरले, आता काय घाबरायचं?"

डॉक्टरांनी काल त्यांना घरी सोडलं.

आईलाही तेवढंच विचार. घाबरत असेल, जेवत-झोपत नसेल, तर लगेच डॉक्टरांकडे ने.

रविवारी फोनवर मीच विचारणार होते. इतक्या परक्यांना विचारलेला प्रश्न आईपुढे तोंडातून निघेना. ती "हो" म्हणाली असती तर?

तुझी धाकटी