निरोपाची खिडकी

४ मार्च, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी भलतीच खूश! खोकल्याची साथ पसरू नये म्हणून या इस्पितळात नातेवाइकांना आत सोडत नाहीत. ते काचेपलीकडे थांबतात. मी फोनवर वॉर्डात विचारते आणि रोग्याचा निरोप त्यांना सांगते. फरशीवर लांब लांब पिवळे गोल, सगळ्यांना मास्क; निम्मं बोलणं भुवयांनीच चालतं. मेट्रनबाईंनी बजावलं, वॉर्डातून येईल तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही.

६ मार्च
एक शिंपीकाका रोज येतात. काकू बायकांच्या वॉर्डात आहेत. आज काकांनी विचारलं, मोठी कात्री कुठे ठेवलीय? काकूंचं उत्तर आलं, नाकासमोर! काका पोट धरून हसले. म्हणाले, तिचा ओरडा तुझ्या तोंडून गोड लागतो गं पोरी.

९ मार्च, शनिवार
काकू पहाटे गेल्या. अशी बातमी घरच्यांना डॉक्टर सांगतात, पण तेच तापाने आडवे. मेट्रनबाई म्हणाल्या, तूच सांग. काका आले ते काकूंची धुतलेली शाल घेऊन. माझी जीभच उचलेना. मी म्हणाले, "झोप छान लागली त्यांना. पुढच्या शनिवारी घरी सोडतील."
मेट्रनबाईंनी नंतर विचारलं, सांगितलंस ना? मी मान हलवली.
साथीतली प्रेतं घरी देत नाहीत. काकूंना गाडीतून नेलं तेव्हा काका रस्त्यापलीकडे चहा पीत होते.

१२ मार्च
रोज ठरवते, आज सांगायचंच. आणि रोज नवं खोटं. आज म्हणे काकूंनी दोन घास जास्त खाल्ले.
दुपारी वॉर्डातून फोन आला. बाईचा थकलेला आवाज. "उद्या ह्यांना काय सांगणार आहेस?"
वर जाऊन विचारलं. कुणीच फोन केला नव्हता.

१४ मार्च
काका सांगत होते, काकू हल्ली घराच्या दाराशी येतात. आत येत नाहीत, बाहेरूनच बोलतात. झोप छान लागली. दोन घास जास्त खाल्ले. माझेच शब्द, जसेच्या तसे.
मी रडत रडत खरं सांगून टाकलं. काकांनी काचेवर थोपटलं. "अशी चेष्टा करू नये, बाळा. शनिवारी आत येते म्हणालीय."
मग खोकले. खूप वेळ.

१६ मार्च, शनिवार
काका आले नाहीत. मी इस्पितळाच्या पथकाबरोबर त्यांच्या घरी गेले. दार सताड उघडं. दोन ताटं — दोन्ही उष्टी. काका खुर्चीत. गार. मी माझा मास्क ओढून काढला, त्यांना हलवलं, हाका मारल्या —

१९ मार्च
ताप. मला वेगळ्या खोलीत ठेवलंय. मेट्रनबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझं पांघरूण नीट केलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आईला कळवलंय. निघालीय.

२१
श्वास पुरत नाही — खिडकीतून खाली आई दिसतेय, काचेशी — माझ्या जागची नवी मुलगी फोन लावतेय. उशाशी वाजतोय. हात पोचेना —
वाजायचा थांबला. कुणीतरी उचलला. दाराबाहेर — काकूंचा आवाज — मुलगी मजेत आहे, उद्या घरी सोडतील —
खाली आईचा चेहरा खुलला. पिशवी उचलली. निघाली — आई, थांब, मी अजून