पांढरा ढिगारा उपसून झाल्यावर

लिहून ठेवते मी, चिनी मातीच्या खाणीतील प्रयोगशाळेची निवृत्त तपासनीस, वय सहासष्ट. बुद्धी शाबूत आहे. हे कोणाच्या दडपणाखाली लिहिलेले नाही.

कलम एक. राहती खोली सामानासकट मुलीला. खिडकीतून ढिगारा दिसायचा म्हणून मी ती घेतली होती. आता विकली तरी हरकत नाही.

कलम दोन. चाळण्यांचा संच आणि भिंग प्रयोगशाळेतल्या माझ्या जोडीदारीण बाईंना. बारीक चाळणीला बोट लावू नये, जाळी सैल पडते.

हे काम मी का धरले ते मुलीसाठी लिहिते, कारण ती तेव्हा दोन वर्षांची होती. माती धुऊन उरलेली वाळू टाकून टाकून झालेला तो ढिगारा एका दुपारी घसरला. तिचे वडील पायथ्याशी पाइप बदलत होते. अकरा दिवस शोधले. मग मुकादम म्हणाले, "एका माणसासाठी डोंगर उपसता येत नाही, बाई." आणि हजेरीच्या वहीत लिहिले: त्या दिवशी गैरहजर, घर सोडून गेल्याचे समजते. सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, "माझा पोरगा जेवणाचा डबा सोडून कुठे जायचा नाही."

माणसासाठी नाही तर मालासाठी उपसतील, असे मी मनाशी धरले. प्रयोगशाळेत बाटल्या धुता धुता तपासणी शिकले. बावीस वर्षे ढिगाऱ्याचे नमुने तपासले: अभ्रक, चिनी भांड्यांना लागणारे फेल्डस्पार, काचेला चालणारी वाळू. कारखान्यांना पत्रे लिहिली. शेवटी एक आला. सगळे म्हणाले, "बाईंनी कचऱ्याचं सोनं केलं." मी उपशावर एक पाळी मागून घेतली.

चार वर्षे उपसा चालला. मी दगडधोंडे अडवणाऱ्या मोठ्या जाळीपाशी उभी राहायची. दगड निघाले, मुळ्या निघाल्या, एक फावडे निघाले. गेल्या वर्षी शेवटची गाडी भरली आणि खाली जुनी जमीन लागली.

मुलगी म्हणाली, "आई, आता तरी मान्य कर. बाबा निघून गेले."

असेलही. पण काम तीन पाळ्यांत चालायचे आणि मी एकाच पाळीला उभी असायची. बाकीच्या दोन पाळ्यांत जाळीवर अडकलेले कोणी पाहिले, कोणी तसेच पुढे ढकलले, मला माहीत नाही. पुढे दळायचे यंत्र. त्यातून सगळ्याचे पीठच निघते. ढिगारा उघडा म्हणून मीच मागे लागले होते.

कलम तीन. मुकादमांना काही नाही, माफीसुद्धा नाही. बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं."

कलम चार. कपाटातला पुरुषाचा सदरा व चपला मुलीने टाकून द्याव्यात. मला जमले नाही.

कलम पाच. माझ्या मृत्यूची नोंद करताना पती हयात की मयत, असे विचारतील. मुलीने रागाने काही लिहू नये. रकाना कोरा ठेवावा.

वाचून, समजून सही केली.
सही: तपासनीस बाई
साक्षीदार: १. प्रयोगशाळेतली जोडीदारीण २. शेजारचे शिंपीकाका
स्थळ: खाण वसाहत, खोली चौदा
दिनांक: नऊ मार्च