कारवीखालची ऐनाची रोपं

सर, काल येऊरच्या जंगलात आपल्या मोजणीच्या तुकड्यात जाऊन आले. दोन वर्षांपूर्वी कारवीची झुडपं फुलली, बी टाकून सगळी एकदम वाळली, आणि मोठ्या झाडांखालची जमीन उघडी पडली. आता तिथे ऊन उतरतं. ऐनाची, कुंभ्याची रोपं गुडघ्याला लागतात. कारवीही पुन्हा दाट उगवली आहे. चार-पाच वर्षांत सगळं झाकून टाकेल. वरची झाडं मला तशीच दिसली. बदलतं ते त्यांच्या पायाशी, असं तुम्ही म्हणायचात.

तुम्हाला कावीळ झाली त्या वर्षी रोपं मोजायला मला पाठवलंत. सोबतच्या मैत्रिणीला ताप आला, मी एकटीच गेले. कारवी डोक्यावरून उंच, आत अंधार. दोन पावलं गेले आणि पाल्यात काहीतरी सरसरलं. बाहेर दगडावर बसून मी मागच्या वर्षीचे आकडे थोडे वर-खाली करून वही भरली. ऐनासमोर शून्य होतं. पुन्हा शून्य लिहिलं तर आत गेलेच नाही असं वाटेल, म्हणून नऊ लिहिले.

डोंबिवलीच्या घरी तुम्ही पलंगावर. उसाच्या रसाचा पेला बाजूला ठेवलात.

"ऐन? कारवीच्या अंधारात? नीट पाहिलंस का गं?"

"हो सर."

"घ्या. म्हणजे ऐनाला ऊन लागतं अशा आम्ही इतकी वर्षं वर्गात थापा मारतोय."

किती खूश झाला होतात. पुढे प्रत्येक वर्गाला तुम्ही ती नऊ रोपं सांगितलीत.

तुम्ही गेल्यावर तुमच्या घरून बाईंनी मोजणीच्या सगळ्या वह्या माझ्याकडे दिल्या. आता कल्याणची एक मुलगी त्यावर पीएचडी करते आहे. परवा म्हणाली, "मॅडम, ते एक वर्ष सॉलिड आहे. सावलीत ऐन! माझा अख्खा चॅप्टर त्याच्यावर उभा राहतोय." वह्या न्यायला ती रविवारी येणार आहे.

तुमच्या नावाला बट्टा लागेल म्हणून गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नसावं. तुम्ही असतात तर ओळ खोडून, दोरी घेऊन, पुन्हा मोजायला निघाला असतात.

आज सकाळी त्या पानाच्या समासात पेनाने लिहिलं: 'ही नोंद जागेवर मोजलेली नाही.' कोणी भरली, हे लिहायला खाली जागा होती. लिहिलं नाही. तिने विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर बहुतेक सुटल्यासारखं वाटेल मला, सर.