लखमीबायची मान

जव्हार, पौष शुद्ध पंचमी, दिवेलागण

लखमीबायला मुंबईला पाठवलं होतं, तिची एक्स-रेची प्लेट आज आली. संस्थानच्या दवाखान्यात खिडकीशी धरून पाहिली. मानेचे मणके खडूसारखे पांढरे, एकमेकांना जुळून गेलेले. आजाराची पहिली पायरी नाही, दुसरीही नाही. तिसरी. लग्न होऊन गेली त्या पाड्याच्या विहिरीतलं फ्लोराइड इतकी वर्षं हाडांत साठत गेलं.

लहानपणी, आमच्या घरी कामाला होती तेव्हा, हीच मला शाळेत पोचवायची. पुढे चालायची आणि दर चार पावलांना मान वळवून बघायची, मी येतोय ना. किती राग यायचा मला. आज ती मान आठवत बसलोय.

"ते पाणी सोड, लखमीबाय," मी दवाखान्यात तिला म्हटलं.

"मंग मान वलंल का, बाला?"

पायरी ठरवायला क्षणही लागला नव्हता. या उत्तराला लागला. नाही म्हणालो. खोटं कसं बोलणार होतो तिच्याशी?

"बरं," म्हणाली आणि निघाली. रस्त्याच्या वळणाशी थांबली. पावलांसकट सगळं अंग फिरवून तिनं मागे बघितलं, मी आहे ना.