नाव शेवटी

गुलटेकडी, पुणे
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

प्रिय पमे,

सप्रेम जय भीम. तू बरी असशील, भावजींची शुगर आटोक्यात असेल, अपेक्षाची परीक्षा जवळ आली असेल. मी ठीक आहे. घसा जरा बसलाय, बाकी काही नाही.

पत्र बघून तुझ्या भुवया वर गेल्या असणार. एका बसच्या अंतरावर राहणारी सख्खी बहीण पत्र लिहिते, म्हणजे हिचं डोकं फिरलंय. अगं, व्हॉट्सॅपवर तू निळ्या खुणा उमटवून गप्प बसतेस. पत्राला निळी खूण नसते. वाचलंस की टाकून दिलंस, मला कळणारच नाही, तेवढीच जिवाला शांतता. फोन का नाही करत, ते पुढे सांगते.

आधी बातमी. येत्या रविवारी संध्याकाळी तुमच्याच हडपसरला कार्यक्रम आहे. आपला बुधवार पेठेतला साउंडवाला संभाजी आता आयोजक झालाय. एकाच मंचावर भीमगीतं, लावणी आणि रॅप! मी म्हटलं, अरे, ही काय मिसळ आहे का? तर म्हणतो कसा, "म्हणून तर ताई तुम्ही पाहिजेत. तर्री तुमचीच." असं गोड बोलतो आणि मग पोस्टरवर खाली, मांडववाल्याच्या शेजारी बारीक अक्षरात 'निवेदन' एवढंच छापतो. पुढे नाव नाही. मी विचारलं तर म्हणाला, जागा संपली.

जाऊ दे. कलाकारांना भेटून आले. माझी पद्धत तुला ठाऊक आहे. कागदावरची माहिती मी वाचत नाही. घरी जायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: पहिलं गाणं कुणासमोर गायलात? माणूस त्यावर जे सांगतो त्यातून चार वाक्यं करायची आणि नाव शेवटी घ्यायचं. नाव आधी घेतलं की लोक टाळ्या वाजवून मोकळे होतात आणि मग आपली बडबड कुणी ऐकत नाही. नाव शेवटी, आणि नावावर ढोलकीची थाप.

उत्तरेश्वरदादा भीमगीतं गातात. आयुष्यभर बस चालवली, आता निवृत्त. पहिलं गाणं डेपोत, रिकाम्या बससमोर, गाडी धुताना. क्लीनर म्हणाला, दादा, उद्यापण हीच गाडी धुवा. त्या माणसाचा आवाज पहाडी आहे गं. त्यांनी मला घरातच एक कडवं ऐकवलं आणि शेजारची बाई कुकर बंद करून दारात येऊन उभी राहिली. बाबासाहेबांचं नाव आलं की दादा डोळे मिटत नाहीत, उलट उघडतात. हे निवेदनात घेतलंय.

दुर्गाबाई लावणीवाल्या. त्यांच्याकडे माझी फजिती झाली. मी पाटीवर प्रश्न लिहून नेला होता आणि बाईंना वाचता येत नाही. मी 'पहिलं' म्हणून एक बोट दाखवलं, तर एक कप चहा आला. गळ्याकडे हात नेला, तर त्यांनी आत जाऊन मध आणला. शेवटी सुनेने पाटी वाचून दाखवली. आणि गंमत सांगू? मी बोलत नव्हते म्हणून त्यापण कुजबुजत बोलायला लागल्या! सगळे तेच करतात. आपला आवाज गेला की समोरचा स्वतःचा आवाज चोरतो. त्या म्हणाल्या, पहिल्या बैठकीला बहीण तापाने फणफणली होती, म्हणून तिच्या जागी उभी राहिले, तिचंच नऊवार नेसून. एका हाताने अदा, दुसऱ्या हाताने सुटणाऱ्या निऱ्या. लोकांना वाटलं तीच अदा.

पाटी का, असं विचारशील. डॉक्टरांनी थोडे दिवस बोलू नका म्हटलंय. मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने म्हणे जास्त ताण पडतो. झालं, एवढंच आहे.

चहा ठेवलाय, उतू जाईल. पुन्हा बसते.

गुरुवार, दुपार

काल पुढे लिहवलं नाही. घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. खिडकी उघडली की मार्केट यार्डातले हमाल ओरडताना ऐकू येतात, "ओ बाजू, बाजू!" आणि मला त्यांचा चक्क हेवा वाटतो. खिडकी लावली की घर खायला उठतं. भाजीवाल्याने शिळी मेथी दिली आणि मला भांडता आलं नाही. तुझ्या बहिणीला, पमे! बुधवार पेठेत माइकची वायर आणायला गेले, पाटी पुढे केली, तर दुकानदार म्हणतो, "बोलायचं नसेल तर घरी बसा ना, इथे कशाला आलात?" मी पाटीवर लिहिलं, 'तुम्हाला ऐकायला.' तो हसलासुद्धा नाही.

तिसरा कलाकार राहिला. ऋषी. वर्ध्याकडचा पोरगा, तुमच्या तिकडच्या आयटी पार्कात नोकरी करतो आणि रॅप करतो. मला वाटलं होतं, हा काय गाणार, नुसता हातवारे करून डोकं उठवणार. पण ऐकलं आणि गप्प झाले, म्हणजे होतेच. वऱ्हाडीत म्हणतो गं! खोलीतला पंखा, मेसची पातळ डाळ, फोनवर आईला 'मस्त आहे' म्हणून सांगणं. श्वास कुठे घेतो कळतच नाही. त्याचं पहिलं गाणं रूममेटसमोर. रूममेटच्या कानात हेडफोन होते. "तो ऐकतच नव्हता मॅम, म्हणून तर कॉन्फिडन्स आला."

निघताना म्हणाला, "मॅम, तुमचं नाव काय? पोस्टरवर नाहीये. मी नंबर 'अँकर मॅम' म्हणून सेव्ह केलाय." मी लिहिलं, 'ताई चालेल.' तर पोरगं सोडेना. "आणि तुमचं पहिलं? ते कुणासमोर?"

त्याला उत्तर दिलं नाही. तुला देते. जयंतीच्या मांडवात, तुझ्यासाठी. तू मागच्या पडद्याला घट्ट धरून बसली होतीस आणि मला बाबांनी माइकवर ढकललं होतं. मी म्हटलं, आता माझी बहीण गाणार आहे. तू आली नाहीस. मग म्हटलं, तिला गाणं येतं, पण ती लाजते. तरी नाही आलीस. मग मी तुझ्या वेणीबद्दल, तुझ्या पडलेल्या दातांबद्दल, तू शेजारच्यांच्या कोंबडीला गाणं शिकवतेस त्याबद्दल बोलत सुटले. लोक हसून हसून बेजार. शेवटी दाताचं ऐकून तू रागाने वर आलीस आणि गायलीस. तुझं नाव मी अगदी शेवटी घेतलं, कारण तोवर सुचलंच नाही. ती माझी सगळी पद्धत तिथून आली बघ.

आणि दिवाळीत तू मला काय म्हणालीस? मी इतकंच म्हटलं होतं की पमे, एकदा वरचा सूर फुटला म्हणून काय कायमचं गाणं सोडायचं, ये परत मंचावर. तर ताटावरून उठून म्हणालीस, "तुला काय कळणार? तुझा कुठे आवाज लागतो? तू फक्त नावं सांगतेस. नावं कुणीही सांगेल."

फार लागलं गं मला ते. अजून लागतंय. मी काही मोठ्या मनाची वगैरे नाही. करंज्यांचा डबा तुला न देता तशीच परत आले आणि सगळ्या करंज्या एकटीने खाल्ल्या.

तर आता ऐक. थोड्या दिवसांचं मौन वगैरे नाही. स्वरतंतूवर गाठ आहे. सोमवारी सकाळी ऑपरेशन, माझा साई बंगळूरहून येतोय. गाठ काढून तपासायला पाठवणार. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, गोड बोलून फसवत नाहीत. म्हणाल्या, आवाज येईल, पण हाच येईल असं मी सांगणार नाही. आणि तोवर बोललात तर जे शिल्लक आहे त्याचीही खात्री नाही.

मला भीती वाटते, पमे. गाठीची वाटते तेवढीच आवाजाची वाटते, हसू नकोस. काल न्हाणीघरात नळ सोडून तुझं नाव घेऊन पाहिलं. घ्यायचं नव्हतं, पण घेतलं. निघालं नाही. नुसती हवा आली.

संभाजीला कळवलं, तर त्याने तोडगा काढला. माझी निवेदनं मोबाइलमधल्या कसल्याशा आवाजाला वाचायला लावली आणि मला ऐकवली. बाईचाच आवाज, उच्चार चोख, ळ आणि ण सगळे जागच्या जागी. पण मेली श्वासच घेत नाही! बस, निऱ्या आणि हेडफोन, सगळं एका दमात. दुर्गाबाईंचं नाव असं घेतलं जसं काही पुढचं स्टेशन. मी पाटीवर भलंमोठं 'नाही' लिहिलं. तो म्हणाला, "मग ताई, माणूस आणा."

माणूस आणते म्हणून सांगितलंय. तुझं नाव दिलंय. तुला न विचारता.

ओरड. ओरडून घे, तुला येतंय तर.

मी कुठे थांबते, कुठे श्वास घेते, हे जगात एकाच बाईला माहीत आहे. इतकी वर्षं विंगेत उभी राहून, आपल्या गाण्याआधी घाबरून माझा पदर धरून, माझं सगळं तू ऐकलंयस. तुला गायला सांगत नाहीये. वरचा सूर लावायचा नाही, खालचाही नाही. नावं सांगायचीत. कुणीही सांगेल म्हणालीस ना? ये मग, सांग.

तिघांची निवेदनं सोबत जोडलीत. दादांच्या वेळी घाई करू नकोस. दुर्गाबाईंच्या निऱ्यांवर लोक हसतील, त्यांचं हसणं संपू दे. ऋषीच्या वेळी पुढच्या रांगेतली म्हातारी मंडळी उठायला लागतील, त्यांच्याकडे बघूनच 'आईला मस्त आहे म्हणतो' ते वाक्य टाक. बसतील.

मी विंगेत असेन, तू उभी राहायचीस तिथेच. तू आली नाहीस तर माइक मी उचलणार, डॉक्टरीणबाई काहीही म्हणोत. त्या पोराला, त्या बाईला, दादांना मी बिननावाचं मंचावर जाऊ देणार नाही. निघेल तेवढा आवाज काढेन. होय, धमकीच आहे. थोरल्या बहिणीने नाही द्यायची तर कुणी?

संभाजी उद्या मैदान बघायला तिकडे येतोय, त्याच्या हाती हे पाठवते. निरोप तोंडी देऊ नकोस, तो अर्धा विसरतो.

आता एक राहिलं. चौथं निवेदन मी लिहिलेलं नाही, मला जमेना. ऋषीने नाव विचारल्यापासून डोक्यात घोळतंय. इतकी वर्षं मी सगळ्यांना हात धरून उजेडात आणलं, मला कुणी आणलं नाही. कधी वाटलंही नव्हतं, आता वाटतं. रविवारी सगळ्यात शेवटी मला विंगेतून पुढे बोलाव. मी काही बोलणार नाही, नुसती येऊन उभी राहीन. आधी काय सांगायचं ते तू ठरव. टोमणे मार, करंज्यांचं सांग, वाट्टेल ते सांग. फक्त नाव शेवटी घे आणि घेतल्यावर थांब. ढोलकीवाल्याला मी पाटीवर लिहून ठेवलंय, थाप कुठे द्यायची ते.

तू वर येईपर्यंत तुझ्याबद्दल बोलत राहणारी,

चंद्रभागा