डॉक्टरबाईंच्या दाराबाहेरचा बाक

१४ मार्च, रविवार

चि. ठमाबाईस,

आप्पाचे ओंजळभर आशीर्वाद. जावईबापूंना सांग, त्यांच्या आईच्या शिलाई मशीनचा पट्टा आला आहे, सवडीने बसवून देईन. इकडे दुकान चालू आहे, छप्पर जागेवर आहे आणि तब्येत म्हणशील तर वयाच्या मानाने झकास. थोडा खोकला आहे, पण तो धुळीचा. मशीनच्या पोटात साठलेली लव तोंडाने फुंकून काढायची माझी सवय तुला ठाऊक आहेच.

फोन असताना पत्र का, असं म्हणशील. फोनवर दोन वाक्यं झाली की तू म्हणतेस, "आप्पा, नंतर बोलते हं." पत्राला तसं म्हणता येत नाही. फार तर बाजूला ठेवशील, पण ते तिथेच पडून तुझ्याकडे बघत राहील. माझ्यासारखं.

पेपरात तुझ्यावर आलेला लेख मी काचेच्या चौकटीत घालून दुकानात लावला आहे. गिऱ्हाईक आलं की मी मुद्दाम त्याच्याखालचा ड्रॉवर उघडतो, म्हणजे त्याची मान आपोआप वर जाते. शेजारचा पाववाला म्हणतो, "आप्पा, त्या ड्रॉवरमध्ये आहे तरी काय हो? रिकामाच तर दिसतो." त्याच्या पोटात दुखतं, दुसरं काय.

लेख मी शब्दकोश घेऊन बसून वाचला. मी शिकलो ते असंच, बसून बसून. तुझा खास अभ्यास फुप्फुसाच्या कॅन्सरचा, त्यातही ज्यांनी जन्मात विडीला हात लावला नाही अशा माणसांचा, आणि डाग वाटाण्याएवढा असतानाच तो पकडण्याचा. छाती फुगली बघ माझी वाचताना. मग शेवटची ओळ वाचली. "घरी पती आणि एक मांजर."

ठमे, मांजर छापून आलं.

मला मांजराबद्दल काही म्हणायचं नाही. ते गरीब आहे. पण जेवताना माझ्या डोळ्यासमोर तेच येऊन बसलं आणि घास उतरेना. वाटलं, हिला भेटून विचारावंच. म्हणून बुधवारी दुकानाला कुलूप लावलं, निळा शर्ट घातला आणि तुझ्या हॉस्पिटलात आलो. हो, आलो होतो. आता डोळे मोठे करू नकोस.

काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "डॉक्टरबाईंना भेटायचंय." ती मान वर न करता म्हणाली, "नंबर घेतलात?" आता तिला म्हणायला हवं होतं की अगं, मी तिचा बाप आहे. पण माझ्यातलं मांजर जागं झालं. म्हटलं, लेकीला भेटायला ओळख सांगावी लागत असेल तर नकोच ती ओळख. तुझं आडनाव सासरचं, त्यामुळे माझं नाव ऐकून कुणाचं काही हललं नाही. "सोबत कोण आहे?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, "कुणी नाही." नंबर घेतला आणि तुझ्या दाराबाहेरच्या लांब बाकावर जाऊन बसलो.

शेजारी एक म्हातारा होता, जुना बस ड्रायव्हर. हात असे मांडीवर ठेवलेले, जणू स्टिअरिंग अजून तिथेच आहे. त्याची मुलगी पलीकडे त्याचा कोट आणि चष्म्याची पेटी सांभाळत बसली होती. तो मला म्हणतो, "काय मालक, पहिल्यांदाच? अजिबात घाबरायचं नाही. आमच्या बाई आहेत."

आमच्या! मी म्हटलं, "ऐकून आहे."

"ऐकून काय असता? बाई रबरी नळी आधी तळहातात धरून गरम करतात, मग छातीला लावतात. खुर्चीत बसत नाहीत, स्टुलावर बसतात, म्हणजे आपल्या डोळ्याला डोळा भिडतो. माझ्या ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी स्वतः येऊन बसल्या. मी झोपेत गिअर टाकत होतो म्हणे, बाईंनी हात धरून ठेवला."

मी विचारलं, "थकत असतील ना?"

"थकतात की. उजवा खांदा धरतो त्यांचा. चहातली साखरसुद्धा सोडली आहे गेल्या हिवाळ्यापासून. मी म्हटलं, बाई, एवढी कडक शिक्षा कशाला? तर हसल्या. माझ्या पोरीसारख्या आहेत हो."

पोरीसारख्या. त्याची पोरगी तिथेच बसलेली, कोट मांडीवर घेऊन. तिला काही वाटलं नाही. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. तुझा खांदा धरतो हे मला एका बस ड्रायव्हरने सांगावं? परवा इथे आलीस तेव्हा तुझ्या चहात दोन चमचे साखर मी घातली आणि तू मुकाट्याने प्यायलीस. माझ्याशी पाहुण्यासारखी वागतेस तू, ठमे. खरं ते सगळं त्या बाकावरच्यांना देतेस.

पण कडेलोट पुढेच झाला. तो म्हणाला, "बाई आधी छाती बघतच नाहीत. आधी विचारतात, दिवसभर काय करता? म्हणतात, हे मी आमच्या आप्पांकडून शिकले. ते मशीन उघडायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायचे, यावर काय शिवत होतात? फार मोठा माणूस असावा तो."

तुला वाटेल, हे ऐकून म्हातारा विरघळला असेल. नाही. मला त्या आप्पाचाही हेवा वाटला. ज्याच्या गोष्टी तू सगळ्या जगाला सांगतेस तो कुणी वेगळाच माणूस आहे, ऐटबाज, तुझ्या रोजच्या बोलण्यातला. आणि मी इथे रविवारच्या फोनकडे बघत बसलेला.

मग माझा नंबर यायच्या आत मी उठून घरी आलो. एवढंच.

जाता जाता, तुमच्यातले ते टक्कल पडलेले मोठे डॉक्टर स्वभावाने कसे आहेत गं? आणि वाटाण्याएवढा डाग वेळेवर सापडला तर माणसं खरंच बरी होतात ना, का पेपरवाल्यांनी तिखटमीठ लावलंय? सहज विचारतो.

तुझा,
मांजराच्या खालच्या ओळीतला
आप्पा


२० मार्च, शनिवार

चि. ठमीस,

आशीर्वाद. काल तुझा फोन आला, आणि चक्क "नंतर बोलते" न म्हणता तू बोलत राहिलीस. आधी खदखदा हसलीस, मग चिडलीस. "अहो आप्पा, तुम्ही माझ्या दाराशी येऊन परत जाता? आत सरळ यायचं ना. मी काय परकी आहे?" आणि म्हणालीस, "पेशंटांवर जळता? ती माणसं काय सुखाने येतात का माझ्याकडे?" ते वाक्य मला लागलं. लागायलाच हवं होतं.

मग तू खोकल्याचं विचारलंस. मी पुन्हा धुळीवर ढकललं. तुझ्या मागे कुणीतरी हाक मारत होतं आणि माझी जीभ काही रेटेना. म्हणून हे पत्र. पोस्टाचा भरवसा नाही, पाववाल्याची गाडी उद्या तुझ्या बाजूला जाते, त्याच्या हाती देतोय. त्याला म्हटलं, पट्ट्याचं माप आहे. उघडून वाचणारा नाही तो, पण चेहरा वाचतो मेला.

ठमे, आता वाचताना बस. स्टूल असेल तिथे.

मी त्या बुधवारी उठून आलो नव्हतो. माझा नंबर आला. मला वाटलं, तुझं दार उघडेल, तू स्टुलावर असशील, मला बघून तुझी त्रेधा उडेल आणि मी म्हणेन, "काय बाई, माझ्यासाठी पंधरा मिनिटं आहेत का?" सगळं पाठ केलं होतं. पण नव्या माणसाला आधी तुझ्या हाताखालची मुलगी बघते, हे मला काय ठाऊक? मला शेजारच्या खोलीत नेलं. आता आलोच आहे तर नाटक पूर्ण करू म्हणून मी जरा जोराने खोकून दाखवलं. खोटा खोकला सुरू केला आणि खरा मागून आला, थांबेना.

ती पोरगी समजूतदार आहे. तिने विचारलं, "काका, दिवसभर काय करता?" माझाच प्रश्न असा फिरून माझ्याकडे आला. आता त्याला खोटं कसं सांगणार? फुंकण्याचं सांगितलं, हिवाळ्यापासून जिना चढताना थांबावं लागतं ते सांगितलं, सैल झालेल्या पॅन्टला दोरी बांधतो तेही सांगितलं. तुला यातलं काही सांगितलं नव्हतं. तू साखरेचं लपवलंस, मी दोरीचं. बापलेक शोभतो आपण.

तिने नळी पाठीला लावली. गरम करूनच लावली, तूच शिकवलं असणार. एका जागी थांबली. पुढे गेली आणि पुन्हा तिथेच आली. मी रोज मशीनपाशी तेच करतो, त्यामुळे मला कळलं.

फोटो काढला. मग त्या मोठ्या नळकांड्यात झोपवलं. दोनच दिवसांनी, त्या शुक्रवारी परत बोलावलं, तेव्हा तू भाषणासाठी बाहेरगावी होतीस. उजव्या बाजूला वर एक डाग आहे, वाटाण्याएवढा. तो काय आहे ते सुई घालून बारीकसा तुकडा काढल्यावरच कळेल म्हणाली. "घाबरू नका काका, आमच्या बाईंचा यातच हात बसलाय. त्याच बघतील तुम्हाला."

तेव्हा मी म्हटलं, "तुमच्या बाई माझी मुलगी आहे."

ती उभीच राहिली. सिस्टरकडे बघायला लागली. सिस्टर मुरलेल्या आहेत, त्यांनी पाणी दिलं आणि सांगितलं, "मग बाई नाही बघणार, आप्पा. घरच्या माणसाला आपल्या डॉक्टरने हात लावायचा नाही, असा इथला रिवाज आहे. हात थरथरला तर काय घ्या. मोठे डॉक्टर बघतील." आप्पा म्हणाल्या मला, न सांगता. तुझ्या गोष्टींतून ओळखलं असणार.

त्या दोघींना रागावू नकोस. तुला मीच सांगणार, तोवर तोंड उघडायचं नाही, असं मी त्यांना बजावलं होतं. पेशंटने नको म्हटलं तर आमचे हात बांधलेले, असं त्या म्हणाल्या. तुझ्या लोकांना शिस्त आहे.

तर असं झालं. तुझ्या आवडीचा विषय तुझ्या बापाच्या छातीत येऊन बसला आहे. जन्मात विडी ओढली नाही, डाग बारीक, वेळेवर सापडलेला, अगदी लेखात लिहिल्यासारखा नमुना. आणि तुला हात लावता येणार नाही. मी तुझ्या पेशंटांवर जळत होतो, आता खराखुरा पेशंट झालो तर वाट्याला ते टक्कलवाले आले. ड्रायव्हर तुझ्या दारातून आत जाणार आणि मी पलीकडच्या. हसू येतं गं, पण पुरतं येत नाही.

भीती वाटते, हे तुला सांगून टाकतो. मशीन उघडलं की आत काय असेल ते मला नेहमी साधारण माहीत असतं. हे मशीन मी कधी उघडून पाहिलेलं नाही. रात्री कूस बदलली की वाटतं, तो तिथे आहे. फार करून नसेलही काही. तुझा पेपर म्हणतो, वेळेवर सापडलं तर माणसं बरी होतात. मी तो रोज वाचतो, आता शब्दकोशाशिवाय.

सुई येत्या गुरुवारी आहे, सकाळी. मला तुझ्याकडून डॉक्टरकी नको. ती त्यांना देत आलीस तशी देत राहा, मी आता त्याबद्दल कुरकुर करणार नाही. त्या ड्रायव्हरला नळी गरम करून लाव, बाकावर ज्यांचं कौतुक सांगत होता ती त्याची झाडं कशी आहेत विचार, तो माणूस चांगला आहे. पण त्या दिवशी बाकावर बसून मी त्याच्या मुलीकडे बघत होतो. ती काय करत होती? काहीच नाही. कोट धरून बसली होती. मधेच उठायची, काउंटरवर जाऊन "अजून किती वेळ?" विचारायची, परत यायची. बापाला आत नेलं तेव्हा त्याच्या चष्म्यावर फुंकर मारून तो पुसत राहिली. ठमे, त्या बुधवारी माझा खरा हेवा तिथे होता. तू त्याची नळी गरम करतेस यापेक्षा त्याचा कोट धरायला कुणीतरी होतं, याचा.

तेवढं मला हवंय. गुरुवारी पांढरा डगला घरी ठेव. दाराच्या आतल्या बाजूला नको, बाहेरच्या बाकावर ये आणि माझ्या शेजारी बस. माझा निळा शर्ट धर. टक्कलवाल्यांना मधे मधे शिकवायला जाऊ नकोस. फार वेळ लागला तर उठून विचारून ये, सगळे विचारतात तसं. घाबरलीस तर घाबर, मी तुला ओरडणार नाही.

ड्रायव्हरही त्या दिवशी येणार आहे, मी चौकशी करून ठेवली आहे. त्याला दिसू दे.

काउंटरवरची ती मुलगी विचारेल, "पेशंटसोबत कोण?" मागच्या वेळी मी कुणी नाही म्हटलं होतं. या वेळी तू पुढे हो. नातं विचारेल, तेव्हा मुलगी म्हण. डॉक्टर लावू नकोस. नुसतं मुलगी.

चहा मी डब्यातून आणीन. बिनसाखरेचा.

वाट बघणारा,
तुझा आणि तुझाच
आप्पा