कारणाचा रकाना

३ मार्च, सोमवार

आज रजा संपली. वजनमापांच्या प्रयोगशाळेत कामावर गेले. सात वजनं तपासली. दोन बाद केली.

हे गेले त्याला चौदा दिवस झाले. बस चालवत होते. थांब्यावर गाडी नीट लावली, हँडब्रेक ओढला आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं. गाडीत छत्तीस माणसं — कुणाला खरचटलंसुद्धा नाही. वय एकावन्न.

संध्याकाळी वन्सं आल्या, यांची थोरली बहीण. म्हणाल्या, चांगली माणसं देवालाही हवी असतात. देवाला बस ड्रायव्हर कशाला हवाय? त्याच्याकडे कोणाला कुठे वेळेवर पोचायचंय!

४ मार्च

आज धाकटे दीर. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. विश्वाचं वय सांगितलं, चौदाशे कोटी वर्षांच्या आसपास. म्हणाले, "वहिनी, दादाचा एकही अणू नष्ट झालेला नाही."

हे अणू म्हणे ताऱ्यांत तयार झाले. झाले असतील. पण हे ओल्या पायांनी स्वयंपाकघरात यायचे आणि मी ओरडायचे. आता अणू सगळे शिल्लक आहेत आणि फरशी कोरडी आहे.

५ मार्च

कुणाशी बोलले नाही. बोलले असते तर भांडले असते.

७ मार्च

रविवारी डेपोत शोकसभा. घरच्यांतर्फे मी बोलायचं. वन्संनी कागदावर 'विधिलिखित' लिहून आणलं, भाऊजींनी 'निव्वळ योगायोग'. माझ्यासमोर तासभर जुंपली. वन्संच्या देवाला झाडाच्या पानाचीही खबर, भाऊजींच्या विश्वाला अख्ख्या पृथ्वीची नाही. शेवटी एकमत कशावर? यात कुणाचाच दोष नाही! एवढ्या एका गोष्टीवर देव आणि विज्ञान माझ्या टेबलाशी एक झाले. चहा घेऊन गेले.

आमच्याकडे प्रयोगशाळेत काटा चुकला की फॉर्मवर कारणाचा रकाना भरावाच लागतो. धूळ, ओल, उघडं राहिलेलं दार. नवीन होते तेव्हा मी एकदा 'आपोआप' लिहिलं होतं. साहेबांनी फॉर्म परत केला. "बाई, आपोआप काही होत नसतं. तुम्ही काट्याच्या किती जवळ उभ्या होतात ते लिहा." माझा श्वास लागून काटा हलला होता.

एका मिलिग्रॅमला कारण लागतं. पंच्याहत्तर किलोच्या माणसाला नको? कुणीतरी एकदा म्हणावं की हे टळलं असतं. एवढंच हवंय मला. कुणी म्हणत नाही.

९ मार्च, रविवार

बोलले. एक वाक्य वन्संचं, एक भाऊजींचं. दोघांचंही समाधान. डेपो मॅनेजर म्हणाले, फार धीराच्या आहात. संताप आला. हात जोडले.

१० मार्च, सोमवार

सकाळी हृदयाच्या डॉक्टरांकडून फोन आला. आज साडेदहाची वेळ आहे, पेशंट येताहेत ना?

वेळ मुळात १३ फेब्रुवारीची होती. यांनीच घेतली होती, छाती भरून येते म्हणून. त्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत वार्षिक तपासणी होती. मी म्हटलं, पित्त असेल, एकटे जाऊ नका, मी बरोबर येईन. आणि फोन करून मीच डॉक्टरांची वेळ पुढे ढकलली.

हे कुणालाच माहीत नाही.

येणार नाहीत, असं सांगितलं. फोन ठेवला. मशीनमधले कपडे काढून वाळत घातले.